गुरुवारची नखं

वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या पायाची नखं काढायचं काम एकवीस वर्षं एकाच सिस्टरकडे होतं. कोणी गळ्यात मारलं नव्हतं, त्यांनीच मागून घेतलेलं. नन झाल्या तेव्हा बेत मोठे होते. लांब कुठेतरी जाऊन दवाखाना चालवायचा वगैरे. पुढे वय आणि मदरचे हुकूम यांनी बेत मोडीत काढले. हाताशी येईल ते बारीकसं काम देवाच्या नावाने नीट करायचं, एवढंच उरलं. ते त्यांना पुरलं.

दर गुरुवारी त्या व्हरांड्यात बुटक्या स्टुलावर बसत, कोमट पाण्यात भिजलेला पाय मांडीवर घेत आणि शिंगासारखी टणक नखं बेताबेताने कापत. कोणाच्या पायाला वास येतो, याची वाच्यता त्यांनी कधी केली नाही. लोक त्यांना ‘नखवाल्या सिस्टर’ म्हणत. त्यांना ते आवडे. कबूल मात्र करत नसत.

एका गुरुवारी हात थरथरला आणि निवृत्त पोस्टमनच्या अंगठ्याला कात्री लागली. रक्त टिपूसभर, पण म्हातारा साखरेचा पेशंट. असली जखम चिघळली तर पाय जातो, हे आश्रमात सगळ्यांना पाठ.

“बूट चावला म्हणून सांगतो नर्सबाईंना,” पोस्टमन म्हणाला. “तुमचं नाव कशाला?”

“बूट कधीपासून घालायला लागलात?”

“मग चप्पल चावली.”

मोह झाला. खरं सांगितलं तर कात्री जाणार, आणि कात्री गेल्यावर आपण कोण? सिस्टरांनी औषध लावून पट्टी बांधली आणि तडक मदरच्या खोलीत जाऊन सांगून टाकलं. मदर रागावल्या नाहीत. “आता विश्रांती घ्या,” म्हणाल्या. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं.

पुढच्या गुरुवारी स्टुलावर नवी सिस्टर. कोवळी पोर, घामाघूम. रांगेतलं कोणी पाय पुढे करेना.

“हिला आधी कोंबड्यांवर हात बसवू दे,” पोस्टमन म्हणाला. “माझा एक अंगठा कामी आलाय.”

पोरीचे डोळे भरले. सगळे जुन्या सिस्टरांकडे बघू लागले. आपल्यावाचून अडलेलं बघायला कोणाला आवडत नाही? त्यांनीही ते सुख क्षणभर चघळलं. मग खुर्ची ओढून पहिल्या नंबरला बसल्या आणि मोजा उतरवला. चाळीस वर्षं झग्याखाली राहिलेला पाय: एकमेकांवर चढलेली बोटं, पिवळं, वाकडं नख.

“घे गं,” त्या म्हणाल्या.

पोरीने श्वास रोखून कात्री लावली.

पोस्टमन वाकून बघत होता. “सिस्टर, तुमचे पाय आमच्यापेक्षा वाईट की हो.”

“म्हणून तर पहिला नंबर लावला.”

त्याने आणखी थोडा वेळ न्याहाळलं आणि कुरकुरत चप्पल काढली. “पट्टीवाला अंगठा सोडून बाकीचे घे,” तो पोरीला म्हणाला.