खंड दडवायचा रिवाज

दोन हजार सालच्या आसपास मी कोल्हापुरात वकिलांच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होतो. तिथला एक रिवाज मला मनापासून डाचायचा. सुनावणीच्या सकाळी विरुद्ध बाजूच्या उपयोगाचा जुना निकाल छापील निकालांच्या ज्या खंडात असेल, तो खंड गायब व्हायचा. कुणी भलत्याच कपाटात कोंबायचा, कुणी सरळ स्वतःच्या फायलींखाली घालायचा. संध्याकाळी तो साळसूदपणे परत यायचा. बोलणी मात्र मला.

म्हणून मी निकालांची सीडी शोधायला लागलो. विक्रेत्यांना फोन करून घसा बसला. एकाकडे जुने निकालच नव्हते, दुसऱ्याची सीडी आमच्या संगणकावर चालेना. अखेर एक मिळाली. आमचे एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "कोर्टात पुस्तक लागतंय. ह्या तबकडीवर काय गाणी वाजवणार हाईस?"

थोड्याच दिवसांत शाहूपुरीतल्या खानावळवाल्या मावशींची तारीख आली. मी रोज त्यांच्याकडेच जेवायचो. जागा रिकामी करून घ्यायचा हुकूम घरमालकाने मिळवला होता, आणि त्या दिवशी स्थगिती मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी कोर्टाचा बेलीफ येऊन खानावळीला कुलूप लावणार होता. मावशींचा वकील धापा टाकत आला. हवा तो खंड अर्थातच जागेवर नव्हता. मी सीडी घातली. पडदा बराच वेळ कोराच राहिला. मग निकाल उमटला, अगदी अथपासून इतिपर्यंत. छापला, ग्रंथालयाचा शिक्का मारला आणि वकिलाच्या मागोमाग मीही कोर्टात धावलो.

घरमालकाच्या बाजूने उभे होते तेच ज्येष्ठ. कागद बघून ते उसळले, "साहेब, संगणकाच्या कागदाचा काय भरवसा? मूळ पुस्तक मी आज सकाळीच वाचलंय. त्यात पुढं बरंच काही आहे!"

"मग दाखवा की ते पुस्तक," न्यायाधीश म्हणाले.

ज्येष्ठांचा चेहरा खर्रकन उतरला. फायलींखालून आमचा खंड निघाला. न्यायाधीशांनी कागद आणि पान शेजारी ठेवून वाचलं. शब्द न् शब्द तोच. स्थगिती मिळाली.

मी सुटलो. इतका मोकळा श्वास कितीतरी दिवसांनी घेतला असेल. बाहेर व्हरांड्यात मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मिळाली न्हवं?"

"व्हय मावशी. मिळाली."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी पातेली-ताटं सगळी बांधून आलोय," त्या म्हणाल्या. "चल, सोडायला हात लाव."