उरलेल्या मालाचा गतिरोधक

शिरूर-चौफुला रस्त्यावरचे आठ किलोमीटर ज्ञानदेव आबांचे होते. म्हणजे रस्ता सरकारचा, पण त्यातले खड्डे बुजवायचे, कडेच्या बाभळी छाटायच्या, झाडांना पांढरे पट्टे मारायचे, हे काम एकतीस वर्षं त्यांनी केलं. मैलमजूर म्हणून लागले तेव्हा हातात फावडं आणि लाल फडकं होतं, निवृत्त झाले तेव्हाही तेच. मधल्या काळात रस्ता दुप्पट रुंद झाला, ट्रॅक्टरमागं उसाची एक ट्रॉली असायची तिथं दोन आल्या आणि शिक्रापूरच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं कानात वारं शिरल्यासारखी गाड्या पळवू लागली.

खड्डा बुजवण्यात आबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आधी तो चौकोनी कापायचा, झाडून घ्यायचा, मग डांबर शिंपडून माल भरायचा आणि धुमसायचा. "खड्ड्याला कोपरं पायजेत, न्हाईतर ठिगळ उसवतंय," असं ते नव्या मजुरांना सांगत.

या कामात एक रीत पडून गेली होती. डांबर-खडीचा गरम माल परत नेता येत नाही, थंड झाला की त्याचा दगड होतो. त्यामुळं दिवस मावळताना माल उरला की जवळच्या वस्तीवरचं कुणीतरी यायचं. आबा, आमच्या दारातल्या चिखलावर टाका. आबा, समाजमंदिराच्या पायरीशी टाका. आबा टाकायचे. त्यात कुणाचं काही वाईट होत नव्हतं.

त्या वर्षी मार्चमध्ये न्हावऱ्याच्या अलीकडच्या फाट्यावर साठेक घमेली माल उरला. फाट्याला लागूनच शाळा. पंधराच दिवसांपूर्वी एका डंपरनं शाळेतून निघालेल्या मोनालीचं दप्तर ओढत नेलं होतं. पोरगी तेवढी वाचली. तिची आई अनुपमा तेव्हापासून रात्री दचकून उठायची. गतिरोधकासाठी तीन अर्ज देऊन झाले होते. आबांचा टेम्पो निघायच्या बेतात असताना ती चार बायका घेऊन आडवी उभी राहिली.

"आबा, उरलाय ना माल? मग रस्त्यात आडवा टाका."

"ताई, त्याला मंजुरी लागती. आधी बोर्ड लागतो. पट्टं लागत्यात."

"मंजुरी येईस्तोवर ह्या पोरी नांदायला जातील."

बायका हसल्या. आबांनाही हसू आलं. टेम्पोवाला म्हस्कू म्हणाला, "टाका की आबा. सायब काय टेप घिऊन बसलाय व्हय?"

टेप नव्हता, पण माप आबांना पाठ होतं. साहेबांनी एकदा सगळ्या मजुरांना बसवून सांगितलं होतं, गतिरोधक बारा फूट रुंद हवा, मधोमध चार इंच उंच, चाकाला कळेल पण पोटातलं पाणी हलणार नाही असा. त्याला दोनशे घमेली लागली असती. साठ घमेल्यांत झाला तो तीन फुटांचा, उभट. आबांनी तो डोळ्यानं मापला आणि डोळ्यांवर कातडं ओढलं. रंग नव्हता म्हणून चुन्याचे पट्टे मारले. उसाच्या ट्रॉल्यांखाली चार दिवसांत चुना गेला. उद्या पुन्हा मारू, असं आबा रोज म्हणत राहिले.

दहाव्या दिवशी पहाटे फाट्यापलीकडच्या वस्तीवरची साखरबाई मेथीच्या जुड्या घेऊन बाजाराला निघाली. गाडीवर मुलाच्या, सार्थकच्या मागं ती एका अंगाला पाय सोडून बसली होती, एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्यात गाठोडं. अंधारात काळ्या रस्त्यावरचा, पट्टे पुसलेला काळा उंचवटा सार्थकला दिसलाच नाही. गाडी उडाली. तो कसाबसा सावरला. मागं वळून पाहिलं तर आई मेथीत पडलेली. तिला आधी दौंडला नेलं, तिथून पुण्याला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

साहेब फाट्यावर आले. "हे कुणी केलं?"

अनुपमानं मान खाली घातली. म्हस्कू टेम्पोचं चाक बघत बसला. आबा लाल फडकं घेऊन वाहनं वळवत होते. ते म्हणाले, "गावानं केलं आसंल, सायब."

एवढंच वाक्य. त्यांच्याच्यानं ते मागं घेववलं नाही.

गतिरोधक खणून काढायला आबा पहार घेऊन गेले, तर बायकांनी पहार धरली. तो झाल्यापासून एकाही लेकराला गाडी घासली नव्हती. मग आबांनी पदरचा रंग आणला आणि दर पंधरवड्याला पट्टे मारू लागले. निवृत्तीनंतरही. कंपनीत जाताना सार्थक तिथं हमखास गाडी हळू करायचा.

"जय भीम, आबा."

"जय भीम, बाळा." पुढचं सांगायला आबा ब्रश खाली ठेवायचे, तोवर गाडी निघून जायची. अशी चार वर्षं गेली.

यंदा संक्रांतीनंतर एका सकाळी आबांनी लाल फडकं वर केलं. सार्थक थांबला.

"बाळा, ह्यो माल म्याच टाकला व्हता. सायबाम्होरं खोटं बोललो."

सार्थकनं गाडी बंद केली. ओल्या पट्ट्यांना चाक लागू न देता ती कडेला घेतली.

"मला ठाव हाय, आबा. आईच्या जलदानविधीलाच म्हस्कूमामा बोलला. दारू पिऊन रडला व्हता त्यो."

"मंग तू..."

"चार वर्सं हितं हळू करत व्हतो ते पट्ट्यांसाठी न्हवं. म्हणलं, आज बोलतील. उद्या बोलतील. पयल्याच महिन्यात बोलला असता तर म्या तुमच्या पाया पडलो असतो, आबा. आईसारखं तुम्हीबी व्हता मला."

आबांनी हात जोडले. सार्थकनं ते खाली केले, अगदी हळुवार. मग गाडी चालू करून तो गेला.

आता तो कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं जातो. लांब पडतं, धूळही फार. आबा अजून दर पंधरवड्याला पट्टे मारतात. गाडीचा आवाज आला की ब्रश थांबतो, आणि गाडी दुसऱ्याचीच असते.