बाईंची गाणी आणि बंद केलेले अपडेट

देवळाली प्रवऱ्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, सोसायटीच्या नोटिसा, असलं काम. या धंद्यात आम्हा सगळ्यांचं दुखणं एकच, मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर. ते विकत कुणीच घेतलेलं नाही, पेन ड्राइव्हवरून या दुकानातून त्या दुकानात फिरलेलं. नव्या सिस्टीमचं आणि त्याचं कधी जमलं नाही.

मी नव्या सिस्टीमचा संगणक घेतला तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं, आजवरची सगळ्यात सुरक्षित. मग दर महिन्याला तीच सिस्टीम सांगू लागली की आपल्यात एक कच्ची जागा सापडलीय, अपडेट घ्या. मला हसू यायचं. नव्या घराला दर महिन्याला भगदाड कसं सापडतं? अपडेट घेतलं की रफार उडायचे, जोडाक्षरं फुटायची. शिवाय व्हायरस पकडणारा राखणदार आमच्या फॉन्टलाच चोर समजून पुसून टाकायचा. तसा तो चोरीचाच होता म्हणा. राहुरीचा माझा एक धंदेवाला दोस्त म्हणाला, "ते अपडेट पैलं बंद कर, आन् त्या राखनदाराला बी. आमी समद्यांनी तेच केलंय, काय बी होत न्हाई." मी दोन्ही बंद केले. मोठं डोकं चालवलं असंच तेव्हा वाटलं.

त्याच सुमारास बाई येऊ लागल्या. चौथीला त्यांनी मला शिकवलं होतं. आता वय ऐंशीच्या पुढे, शुगरनं नजर गेलेली. त्यांची आई ख्रिस्ती वस्तीत लग्नांना, नाताळला स्वतः गाणी रचून म्हणायची. तिला लिहिता येत नव्हतं. ती गाणी आता एकट्या बाईंना येत होती. "मी विसरायच्या आत उतरवून घे," म्हणाल्या. दर बुधवारी दुपारी रिक्षाने येत, स्टुलावर बसून गाणं सांगत, मी टाइप करी. वर्षभरात एकसष्ट गाणी झाली. कागदावर काढून ठेवू या का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, शेवटी एकदम काढू, संगणकात कुठं जातायत.

ऐन लग्नसराईत पत्रिकेचा मजकूर म्हणून मेलवर आलेली एक फाइल मी उघडली. थोड्याच वेळात सगळ्या फाइलींची नावं बदलली, एकही उघडेना, आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी आली. कॉपी ठेवलेली हार्डडिस्क मी आळसाने कायम जोडूनच ठेवायचो, तीही गेली. नगरहून आलेल्या जाणकाराने बघून सांगितलं, हे ज्या भगदाडातून आत शिरलं ते बुजवणारं अपडेट चार महिन्यांपूर्वीच आलं होतं.

पत्रिका पुन्हा केल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्याचं काही वाटलं नाही. बाईंना सांगायला मात्र मी आठ दिवस लावले, त्याची लाज अजून वाटते.

त्यांच्या घरी जाऊन एकदाचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बरं, परत सांगते," म्हणाल्या आणि तिथेच सुरू केलं. पहिल्या गाण्याच्या दोन ओळी आल्या आणि अडल्या. दुसऱ्यात मध्येच चर्चमधलं भजन मिसळलं. तिसऱ्याची चाल तेवढी गुणगुणल्या.

"तुला सांगून झालं की डोक्यातनं उतरायचं बघ," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता याच्याकडे आहेत. तू तर सगळी ऐकलीस. पुढचं तू सांग."

मी आठवू लागलो. अक्षरांचा आकार आठवला, समास किती सोडला होता ते आठवलं, कुठलं गाणं दुसऱ्या पानावर गेलं तेसुद्धा. शब्द एकही येईना. वर्षभर त्यांच्यासमोर बसून मी नुसती बोटं चालवली होती, एकही गाणं ऐकलं नव्हतं. हे त्यांना कसं सांगणार? मी सुरुवात करीन म्हणून बाई बराच वेळ कान देऊन थांबल्या होत्या.