चौदशीची कण्हेर

दोंडाईच्याच्या गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मलमपट्टी करून निवृत्त झालेले आमचे अभिमन नाना म्हणजे नाकावर राग. गायीला शिळा भात घालणाऱ्याला ते भर रस्त्यात झापत. जनावर बोलत नाही, म्हणून आपण ओरडायचं, हे त्यांचं तत्त्व. लोक हसायचे. मला मात्र नानांचंच खरं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात नाना शेजारच्या लाडकुंवर भाभींच्या कासवापायी हैराण झाले. भाभी जैन, मुंगीलाही वळसा घालून चालणाऱ्या. घरात कासव आलं म्हणजे लक्ष्मी आली, अशी त्यांची समजूत. "वनखात्याकडे देऊन टाका," असं नानांनी सुचवलं, तर म्हणाल्या, "लक्ष्मी कुणी सरकारजमा करतं का?"

चातुर्मासात पाच तिथींना त्यांच्याकडे हिरवं तोडत नाहीत, चिरत नाहीत, खातही नाहीत. जे आपल्याला चालत नाही ते कासवाला तरी कसं घालायचं? म्हणून त्या दिवशी त्याच्यापुढे दूध-पोळी. ते तोंडही लावायचं नाही.

"भाभी, त्याले गवत लागस, घोळनी भाजी लागस! दूध-पोळी त्याना खाजं नही शे!" नाना कानीकपाळी ओरडायचे. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"एक दिवस उपास घडला तर त्यालाही पुण्यच लागेल, नाना," भाभी शांतपणे म्हणायच्या. त्या शांतपणानेच नानांचं डोकं जास्त फिरायचं.

श्रावणातल्या चौदशीला संध्याकाळी नानांनी कुंपणावरून पाहिलं. उपाशी कासव कण्हेरीखाली पडलेल्या गुलाबी फुलाला तोंड लावत होतं. नाना धावले, फूल हिसकावून घेतलं.

"हाई झाड आत्तेच तोडा! पान, फूल, बठ्ठं जहरी शे!"

"आज चौदस, नाना. आज हिरव्याला हात लावणार नाही. उद्या सकाळी पहिलं काम तेच."

"मंग मारा त्याले!" नानांनी फाटक आपटलं आणि घरी येऊन माझ्यापुढे तासभर धुमसत बसले. भाभींनी कासवाला उचलून ओसरीवर ठेवलं.

सकाळी झाड तोडायला माणूस आला, तेव्हा कासव ओसरीवर नव्हतं. कण्हेरीच्या बुंध्याशी मान टाकून पडलं होतं, तोंडाला पाकळी चिकटलेली. नानांनी हलवून पाहिलं आणि हळूच खाली ठेवलं.

भांडायचं ठरवूनच ते गेले होते. पण भाभी रडत म्हणाल्या, "तोडायचं नव्हतं, नाना. पण पडलेली फुलं झाडायला कुठे मनाई होती? मला ते सुचलं नाही हो. तुम्ही एवढं म्हणाला असता तर लगेच झाडली असती."

नाना तसेच परत फिरले. घरी आल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही. कप बाजूला सारून म्हणाले, "झाडू तठेच व्हता रे, दारजवळ. मी तो देखा बी व्हता."