कात्रीची खूण

“मोटारीचं कव्हर बसव,” बापू म्हणाले. “दाजी भाईर टेम्पो घिऊन उभं हाईत.”

“न्हाई बसवणार,” मी म्हणाले.

कवठे महांकाळच्या आमच्या दुकानात बापूंना कुणी नाही म्हणत नाही. ते मालक, तेच हेडमिस्त्री. आणि टेम्पोवाले दाजी त्यांच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. बहिणीच्या नवऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं म्हणजे आमच्या भागात पुढच्या प्रत्येक लग्नात ते ऐकून घ्यावं लागतं. तरी मी नाही म्हणाले.

आमचं काम मोटार रिवाइंडिंगचं. विहिरीवरची मोटार जळली की आतल्या जळक्या तारा उपसून काढायच्या आणि तांब्याची नवी तार भरायची. याला आम्ही मोटार बांधणं म्हणतो. मी दुकानात लागले ती काउंटरवर. फोन घ्यायचा, पावती करायची आणि वेळ उरला की इन्सुलेशनचा कागद कापून द्यायचा. बांधायच्या बाकावर बाईमाणूस बसलेलं तालुक्यात कुणी पाहिलं नव्हतं. मला मात्र तिथंच बसायचं होतं.

शिकवणार कोण? बापूंना विचारलं तर “बगून बगून यतंय” म्हणायचे आणि बघायला गेलं की “काउंटरवर कोण हाय?” म्हणून हाकलायचे. मग मी घरी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. मोटार बांधायचे व्हिडिओ ढिगाने आहेत. बहुतेक हिंदीत.

पहिले काही आठवडे मी व्हिडिओतला माणूस बोलेल ते सगळं लिहून घेत गेले. वही भरली. भंगारातून एक जुनी मोटार घरी आणली, वही उघडून समोर बसले आणि हातच हलेना. त्याचं बोलणं माझ्याकडे होतं, पण त्याने केलेलं काम नव्हतं. ती वही मी चुलीजवळ ठेवून दिली.

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. आधी व्हिडिओ नुसता बघायचा, पेन हातात घ्यायचं नाही. मग पुन्हा लावायचा आणि त्याने हाताची एक कृती केली की थांबवायचा. ती कृती आपल्या शब्दांत एका ओळीत. शेजारी चित्र, वाकडंतिकडं असलं तरी चालेल. ‘नमस्कार दोस्तों’ लिहायचं नाही. आणि एका गोष्टीकडे माझं लक्ष गेलं, तिनेच मला मिस्त्री केलं. मध्येच चित्र उडी मारतं. आत्ता तार मोकळी होती, पुढच्या क्षणी बांधलेली. आत्ता बल्ब नव्हता, आता आहे. म्हणजे तेवढं काम कापून टाकलंय. जिथं असं व्हायचं तिथं मी समासात कात्री काढायची आणि लिहायची: इथं काय झालं?

थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की दिसतंय ते सोपं आहे. सगळी मेख कात्रीपाशी आहे. कंटाळवाणं, वेळ खाणारं, किचकट असं सगळं हे लोक कापतात, कारण ते बघायला कुणी थांबत नाही.

रोज चहाच्या वेळी मी बापूंना एक कात्री विचारायची. व्हिडिओतलं विचारतेय असं कळू द्यायची नाही, नाहीतर ते भडकायचे. “बापू, वार्निश दिल्यावर लगीच कव्हर घालतात काय?” असं साळसूदपणे.

वार्निश म्हणजे लाखेसारखं रसायन. ते तारांच्या मधे शिरतं, त्यांना घट्ट धरतं आणि ओल आत येऊ देत नाही. बापू बशीतला चहा फुंकत म्हणाले होते, “वरनं वाळल्यालं खरं न्हवं. पोटात दोनशे वॅटचा बल्ब लावून रातभर त्येच्या उबंला ठिवायचं. कच्च्या वार्निशवर चालवली की तार थरथरतीया, एकमेकीला घासून शॉट हुतीया.” मी ते कात्रीसमोर लिहिलं आणि खाली नाव घातलं: बापू.

उन्हाळ्यात आमचा बांधणारा मिस्त्री पुण्याच्या कंपनीत गेला. बाकावर मोटारींची रांग लागली. मी घरची भंगार मोटार बांधून, चालवून दाखवली. बापूंनी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, “कुटं शिकलीस?”

“मोबाईलवर.”

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, “एक मोटार दितो. दाजींची हाय, घरच्या घरात राहील. परत आली तर पुन्यांदा कागद कापायचा. बाकाचं नाव काढायचं न्हाई. कबूल?”

“कबूल.”

मी ती मोटार बांधली. एकेक तार हाताने बसवली, तपासली, वार्निश दिलं, पोटात बल्ब लावला. आणि त्याच दुपारी दाजी टेम्पो घेऊन आले. त्यांची पोल्ट्री आहे. ऊन वाढलं होतं, शेडवर टाकी रिकामी होत आली होती. त्यांचं खोटं नव्हतं.

“वरनं वाळलंय की,” बापू म्हणाले. “ऱ्हायलेलं चालता चालता वाळंल. बसव कव्हर.”

“तुमीच म्हणाला हुता, वरनं वाळल्यालं खरं न्हवं.”

“मी? कवा?”

“चहा पिताना. माझ्याकडं लिवून हाय.”

बापूंचा चेहरा लाल झाला. दाजी टेम्पोतून उतरून आत आले. “काय अडलंय रं? कोंबड्या मरायच्यात तिकडं.”

“ही म्हंती उद्या न्या,” बापू म्हणाले. “यूट्यूबवर शिकल्यात बाई.”

दाजी मोठ्याने हसले. माझ्या डोक्यात सणक गेली. ही मोटार आज गेली आणि चार दिवसांत जळाली, तर कच्च्या वार्निशचं नाव कोण घेणार होतं? सगळा तालुका म्हणणार, व्हिडिओ बघून बांधली होती, दुसरं काय होणार! आणि मी जन्मभर कागद कापत बसणार.

आमच्याकडे बांधलेल्या मोटारीच्या अंगावर ऑइलपेंटने बांधणाऱ्याची खूण करतात. मोटार परत आली की आधी ती खूण बघतात. बापूंची खूण ‘बा’. मी पेंटचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि बापूंच्या पुढे धरला.

“आज द्यायची आसंल तर तुमी ‘बा’ लिवा. मी आत्ता कव्हर बसवती. उद्या सकाळी द्यायची आसंल तर मी माझं ‘सु’ लिवती.”

बापूंनी ब्रशकडे बघितलं. मग दाजींकडे. ब्रश काही घेतला नाही.

“आन् माज्या कोंबड्या?” दाजी म्हणाले.

“पावणं, बापूंच्या घरामागं हौदावर मोटार हाय. ती आजच्या रात्रीपुरती न्या. टाकी भरंल तेवढी ताकद हाय तिच्यात.”

“आगं, आमच्या घरी पाणी?” बापू ओरडले.

“हौद भरल्याला हाय. पावणं घाई करणार हे दिसत हुतं, सकाळीच तुमच्या घरी वैनींना विचारलंय.”

दाजी पुन्हा हसले, या वेळी बापूंना. “सोड रं मोटार हौदाची. लय शानी हाय ही.” अर्ध्या तासात ते हौदाची मोटार घेऊन गेले.

सकाळी मी बल्ब काढला, कव्हर बसवलं, मोटार चालवून बघितली आणि अंगावर ‘सु’ काढलं. अक्षर जरा मोठंच झालं. पुसलं नाही. दाजींची मोटार रवाना झाल्यावर बापूंनी रांगेतली पुढची मोटार उचलून माझ्या बाकावर ठेवली आणि काउंटरवर स्वतः जाऊन बसले.

आता बापूंना दुकानाची रील काढायची हौस आलीय. मी बांधते, ते मोबाईल धरतात. परवा वार्निश झालं आणि त्यांनी शूटिंग बंद केलं. “आता डायरेक चालू मोटार दावू.”

“न्हाई. वाळवणं कापायचं न्हाई.”

“रातभर बल्ब जळताना कोण बगणार हाय?”

“ज्येला शिकायचंय त्यो.”

शेवटी मी कॅमेऱ्यापुढे उभी राहून सांगितलं की ही मोटार उद्या सकाळपर्यंत अशीच राहणार, तुम्हीही ठेवा, मालक काही म्हणोत. बापू मोबाईलमागून पुटपुटत होते, तेही त्यात आलंय. त्या रीलला बघणारे फारसे मिळाले नाहीत. दाजींची मोटार मात्र अजून परत आलेली नाही.