चाकाखालचा दगड

मंगळवारी दादा गेला. माझा हा भाऊ शेठची पिकअप चालवायचा. टोमॅटोचे क्रेट चढवताना गाडी उतारावरून मागे आली आणि तो तिच्याखाली सापडला. हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून चाकाखाली दगड लावत. तो निसटला.

दादाने अनेकदा सांगितलं होतं, "शेठ, केबल बदला." शेठ हसायचा. "अरे, इंजिन बघ कसं पळतंय. आणि दगडाला काय मरण आहे?"

आज पिकअप पुन्हा त्याच उतारावर उभी होती, चाकाखाली दगड. गाडीच्या मागे शेठ फोनवर बोलत होता. मला वाटलं, गाडी आपलं दुखणं लपवत नाही. ती महिनोन्महिने सांगत राहते. न ऐकणारा मात्र दुसऱ्याला तिच्यामागे उभं करतो. आज तो स्वतः उभा होता. मी दगडाला पाय लावला.

तेवढ्यात नवा ड्रायव्हर क्रेट घेऊन शेठच्या शेजारी आला. मला म्हणाला, "ताई, बाजूला व्हा. या गाडीचा भरवसा नाही."

त्याच्यासाठी मी पाय काढला. शेठला मी माफ केलेलं नाही. दादा नाही, शेठ आहे, आणि माझा राग आहे.