सशांचं आवतन

खुशालरावांना व्हिडिओ बघून शिव्या घालणाऱ्यांपैकी एकालाही आवतन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. माझं डोकं फिरलं ते त्यामुळेच.

अमरावतीतल्या ज्या फार्मसी कॉलेजात मी शिकवते, तिथल्या प्राणिगृहात खुशालराव ससे सांभाळतात. गाव धामणगाव रेल्वेजवळचं, घरची शेती. भावकीच्या वाटणीनंतर बैल गेले आणि ते इकडे नोकरीला लागले. बोलणं कमी, पण जे काही ते थेट तोंडावर. मी नवीन असताना नाकाला रुमाल लावून पिंजऱ्यांपाशी गेले, तर म्हणाले, "मॅडम, रुमाल काढा. ससे भेतात." काढला बाई मुकाट्यानं!

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." खुशालरावांकडे आता बैल नाहीत, म्हणून ते सशांची खांदशेकणी करतात.

"बैलाचा खांदा जू घेते, याइची मान सुई घेते. शेकली पायजे का नाई?" असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला. शेवटी अट घातली, की हळद नखभरच लावायची आणि कातडीच्या प्रयोगातल्या सशांना तीही नाही.

काही वर्षांपूर्वी प्रणाली नावाच्या विद्यार्थिनीनं कौतुकानं त्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. कुणा दीडशहाण्यानं तो उचलला आणि वर लिहिलं, 'मारण्याआधी हळद लावून बळीची पूजा!' झालं. कसाई, राक्षस, म्हातारा सैतान, काय काय म्हणाले लोक. प्रणालीनं रडत रडत आपला व्हिडिओ पुसला, पण तोवर त्याच्या किती नकला झाल्या होत्या कोण जाणे. पोळा जवळ आला की दरवर्षी तो पुन्हा वर येतो. मी तक्रारी करून थकले. आणि गंमत बघा, प्रयोग माझे, कागदांवर सह्या माझ्या, पण मला कुणी एक अक्षर बोललं नाही!

"लोकाइले बोलू द्या," खुशालराव म्हणायचे. त्यांना काळजी एकच होती, अकोल्याच्या नातीची. श्रावणीला तिच्या बापानं, गजेंद्रनं, लहानपणापासून सांगितलेलं की आबा सशांना बरं करतात. "पोरगी मोठी झाली की तिच्याबी फोनात येईनच न थे, मॅडम? मंग थे माह्याजवळ येईन का?"

यंदा आलं ते तिच्या फोनात. पोळ्याला मी त्यांच्याकडे पुरणपोळीला गेले, तर श्रावणी रडून डोळे लाल करून बसलेली.

"आबा, मी त्याच्याखाली उत्तर लिहून ठेवलं. फक्त टाकाचं आहे," ती म्हणाली आणि वाचू लागली, "'हे माझे आबा आहेत. ते सशांना बरं करतात. त्यांनी कधीही एकही ससा मारलेला नाही.'"

"टाक, टाक. बराबर हाये," गजेंद्र म्हणाला. माझ्याही मनात आलं, काय बिघडतं?

तेवढ्यात तीच थांबली. "पण आबा, आपण बैलाले 'उद्या जेवाले या' म्हनतो न? तुमी व्हिडिओत 'आज आवतन घ्या, आजच जेवा' कावून म्हनून राहिले?"

मी ते दरवर्षी कानांनी ऐकलेलं, पण कधी लक्षातच आलं नव्हतं!

खुशालरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"बैलाले उद्या असते, बाई. याइच्यातल्या काहीइले नसते, अन् थे मले आधीच माईत असते. दवा देल्यावर पोटात काय झालं थे पायासाठी ससा मारा लागते. थो मीच मारतो. त्याले उद्या ये म्हनलं तर थे खोटं आवतन होईन."

"बाबा!" गजेंद्र ओरडला. श्रावणी ताटावरून उठली. मी समजवायला गेले, की त्या औषधांनी माणसं जगतात, कायदा असतो, नियम असतात.

"सशाइले विचारलं होतं का, मॅडम?" ती आत जाता जाता वळून म्हणाली.

माझ्याकडे वर्गात द्यायची पुष्कळ उत्तरं आहेत. त्यातलं एक मी द्यायला लागले.

"तिले बोलू द्या, मॅडम," खुशालराव म्हणाले. "बराबर बोलून राहिली." त्यांचे डोळे भरले होते. नंतर कितीही म्हटलं तरी ते ताटावर बसले नाहीत. मलाही उपाशी माणसाला सोडून घरी जाववेना.

ऊन कललं तेव्हा श्रावणी बाहेर आली. जुनं लिहिलेलं तिनं पुसलं होतं. नवीन वाचून दाखवलं, "'हे माझे आबा आहेत. ते ससे मारतात, हे खरं आहे. मला ते आवडत नाही. पण ही हळद बळीची नाही, पोळ्याची आहे. आणि माझे आबा सशांशीसुद्धा खोटं बोलत नाहीत.'"

"टाकू का, आबा? मंग याच्याबी नकला होतीन, कोनाले पुसता नाई येनार. मलेबी नाई."

खुशालरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "पुसासाठी कोन लिहिते, बाई? टाक."

तिनं टाकलं. मग आत गेली, ताट वाढून आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "आवतन घ्या, आबा. आजच जेवा."